आधी सावली

नागपूरच्या पूर्वेला, पारडीच्या पुढे, भंडारा रोडपासून थोडं आत एका म्हाताऱ्या गवळ्याचा गोठा होता. म्हशी सगळ्या नागपुरी जातीच्या. तलवारीच्या पात्यासारखी लांब, चपटी शिंगं मागे थेट खांद्यापर्यंत गेलेली. म्हाताऱ्याची शाळा दुसरीतच सुटली होती, पण उन्हाळ्यापुरता त्याचा स्वतःचा एक कायदा होता आणि तो कुणासाठीही वाकत नसे.

होळी जळाली की सकाळी दहाच्या आत सगळी जनावरं सावलीत आली पाहिजेत. छपरावर पऱ्हाट्यांचा जाड थर आणि त्यावर पाणी. म्हशींच्या पाठीवर ओली पोती, दिवसातून दोनदा धुणं. माजावर आलेली म्हैस भरवायची ती पहाटे नाहीतर दिवेलागणीला, भर दुपारी कधीच नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. ती ओरडत नाही, बेचैन होत नाही, लक्ष नसलं तर वेळ निघून जाते. म्हणून म्हातारा रात्री उठून गोठ्यात एक फेरी मारायचा.

शेजारचाही गवळीच होता, पण हिशेबी. त्याला म्हाताऱ्याचा हा कारभार पटत नसे.

"बाबाजी, टँकरचं पानी इकत घेता आनि रिकाम्या म्हशीवर ओतता? जी गाभन हाय तिले द्या ना सावली. बाकीच्याइचे चोचले काऊन?"

"कोनती गाभन हाय, सांग बरं मले," म्हातारा म्हणायचा.

"डाक्टर तपासन तवा समजन."

"डाक्टर हात घालते दोन-अडीच महिन्यानं. तवालोक म्हशीनं काय करावं?"

हे शहाणपण काही आभाळातून पडलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर गावात शिबिराला आले होते. म्हैस काळी आणि तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यामुळे ऊन तिच्या अंगात साठून राहतं, हे त्यांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती म्हाताऱ्याच्या मनात रुतून बसली. भरवल्यानंतरचे पहिले काही दिवस गर्भ सगळ्यात नाजूक असतो. तो मोहरीएवढाही नसतो, आणि ऊन त्याला तेव्हाच सगळ्यात जास्त बाधतं. पुढे तो जसा वाढतो तशी त्याची सहनशक्ती वाढते. म्हणजे जेव्हा काहीच दिसत नाही, तेव्हाच सावली सगळ्यात जास्त लागते.

शेजारी मात्र तपासणीची वाट पाहायचा. तपासणीत गाभण ठरलेल्या म्हशीला तो मायेने वागवायचा, ढेपही जास्त द्यायचा. फक्त त्याच्या गोठ्यात तपासणीपर्यंत गाभण राहणाऱ्या म्हशीच कमी असत. बाकीच्या उलटायच्या, आणि तो नशिबाला बोल लावायचा.

म्हाताऱ्याची धाकटी सून वाठोड्याकडे एका उंच इमारतीच्या कामावर रेजा म्हणून जायची. तिचा नवरा त्याच कामावर सेंट्रिंगचा मिस्त्री. दुधावर घर चालत नव्हतं, म्हणून दोघंही जायचे. 2024 चा मे महिना होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि आयाबायांचे प्रश्न दिवसेंदिवस धारदार होत चालले होते. त्या महिन्यात तिची पाळी चुकली. तिने सासूला सांगितलं. सासूचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला.

"कोनाले सांगू नको. नवऱ्याले बी आता नको. तीन महिने होऊ दे, मंग सांगू. नजर लागते बाई."

सुनेने मान डोलावली. कामावर सांगायचा तर प्रश्नच नव्हता. पोटुशी रेजा म्हणजे उद्यापासून येऊ नको, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. ती घमेल्यातून गिट्टी वाहत राहिली. सकाळचा डबा उलटून पडायचा, तरी कुणाला दिसू नये म्हणून ती रेतीच्या ढिगामागे जायची. पाणी ती फार पीत नसे. तहान लागायची, पण बायकांसाठी संडास नव्हता. आडोशाला जायचं तर चौथ्या मजल्यावर काम करणाऱ्या पुरुषांच्या नजरा. म्हणून सगळ्याच बाया सकाळी घोटभर पाणी पिऊन यायच्या आणि संध्याकाळपर्यंत कळ काढायच्या. घरी टिनाचं छप्पर. पूर्वी मे महिन्यातही पहाटे अंगावर पांघरूण ओढावं लागायचं असं म्हातारी माणसं सांगत. आता सिमेंटचे रस्ते आणि भिंती दिवसभराचं ऊन पिऊन घेतात आणि रात्रभर ओकत राहतात. शरीराला थंड व्हायला रात्रही मिळत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिला भोवळ आली. घमेलं हातातून पडलं. सोबतच्या बायांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा फोडून हुंगवला. मग एकीचं लक्ष तिच्या लुगड्याकडे गेलं.

डागा स्त्री रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं. गर्भ राहिला नव्हता. नवऱ्याला दिवस गेल्याचं आणि ते संपल्याचं एकाच वाक्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी सासू, सासरा आणि नवरा तिघेही रुग्णालयात होते. सासूने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पपई खाल्ली असंल का हिनं? का वजन उचललं म्हनून झालं?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "आजी, पहिली गोष्ट, हिची काही चूक नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये मुळातच गुणसूत्रांचा दोष असतो. तुमच्या सुनेचा गर्भ नेमका कशामुळे गेला हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

"मंग ऊन?" म्हाताऱ्याने विचारलं.

"उन्हाचं सांगते. एका बाईचं कारण सांगता येत नाही, पण शेकडो बायांकडे एकत्र पाहिलं की काही गोष्टी दिसतात. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या संशोधकांनी तामिळनाडूतल्या 800 गर्भवती बायांचा अभ्यास केला. शेतात, वीटभट्टीवर, मिठागरात काम करणाऱ्या. त्याचे निष्कर्ष याच वर्षी छापून आलेत. ज्या बाया कामावर जास्त उष्णतेत होत्या, त्यांच्यात गर्भपाताचा धोका दुप्पट निघाला. उशिराच्या महिन्यांचंही तसंच आहे. कितीतरी देशांमधले अभ्यास एकत्र करून 2020 साली एक मोठा आढावा निघाला. तापमान एका अंशाने वाढलं की दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत 16 टक्क्यांनी, असं त्यात दिसलं."

"पन आतमंदी होते तरी काय?" म्हाताऱ्याला आकड्यांपेक्षा कामकाज समजून घ्यायचं होतं.

"शरीर तापलं की ते स्वतःला वाचवायला रक्त कातडीकडे पाठवतं, म्हणजे घाम येईल आणि अंग निवेल. तेवढं रक्त गर्भाशयाकडे कमी जातं. त्यात पाणी प्यायलेलं नसलं, उलट्या होत असल्या, की रक्ताचं पाणीच आटतं. पुढे गर्भ वाढला की त्याचं अंग आईपेक्षा साधारण अर्धा अंश गरम असतं. ती उष्णता आईच्या रक्तातूनच बाहेर पडायची, आणि आईच तापलेली असली तर ती जाणार कुठे? आणि सगळ्यात आधीचं सांगते. गर्भ धरल्यापासून चार आठवड्यांत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटून तयार होते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कितीतरी बायांना तोवर कळलेलंही नसतं. आईला मोठा ताप आला आणि अंगातली उष्णता 39 अंशांच्या वर राहिली तर त्या नळीला धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसलंय."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि भाऊ, हे फक्त बायांचं नाही. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, आणि त्यासाठी ती जागा शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड लागते. तुम्ही दिवसभर तापलेल्या लोखंडी प्लेटांवर बसून काम करता. मे महिन्यातल्या उन्हाचा हिशेब ऑगस्टपर्यंत चालतो. दोघांनीही सांभाळा."

नवऱ्याने मान खाली घातली. आजवर त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं, सगळे प्रश्न त्याच्या बायकोला होते.

घरी आल्यावर सासू दोन दिवस पुटपुटत राहिली. पपई नाहीतर नजर. तिसऱ्या दिवशी सून गोठ्यात आली. म्हातारा म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होता. फेब्रुवारीत भरवलेल्या त्या म्हशीची तपासणी अजून व्हायची होती, डॉक्टर येणार येणार म्हणून राहिले होते.

"मामाजी," सून म्हणाली, "ही गाभन हाय का?"

"अजून समजलं नाई."

"तरी बी हिच्यावर पोतं टाकून राहिले तुमी."

म्हाताऱ्याचा हात थांबला. सून रागावून बोलत नव्हती. म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. ज्या नियमाचा त्याला जन्मभर अभिमान होता, तो नियम गोठ्याच्या उंबरठ्यावरच संपत होता. घरातल्या बाईसाठी त्याने शेजाऱ्याचाच कायदा लावला होता : आधी कळू दे, मग सावली.

25 मेला रोहिणी नक्षत्र लागलं, नवतपा सुरू झाला. म्हातारा डोक्याला दुपट्टा बांधून मुलाच्या मागे गाडीवर बसला आणि वाठोड्याला गेला. वस्तीतली आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन सोबत आली होती. मुकादम माणूस वाईट नव्हता. झालेल्या प्रकाराचं त्यालाही वाईट वाटत होतं.

"बाबाजी, मला माहीत असतं तर मी तिला गिट्टी उचलू दिली असती का? मी कायदा पाळणारा माणूस आहे. बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यांत बाईला जड काम द्यायचं नाही, ते मी देतच नाही."

"तो 1961 चा कायदा," आशाताई म्हणाली. "बाळंतपणाच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्या आधीचा एक महिना. तो बी बाईनं मागितलं तर. सुरवातीच्या महिन्यांचं त्यात काईच नाई. आमी म्हणतो बारा आठवड्याच्या आत नाव नोंदवा, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्या. पन बाया येतात तिसरा सरल्यावर. घरातून सांगू देत नाई, कामावर सांगायची भीती."

मुकादमाने थोडा विचार केला आणि टाळी वाजवून सगळ्या बायांना गोळा केलं. "ऐका. तुमच्यातली कोणी पोटाशी असेल तर तिनं हात वर करावा. पगार कापणार नाही. तिला सावलीतलं काम देतो. माझा शब्द आहे."

बाया उभ्या होत्या. कुणी पदर सारखा केला, कुणी दुसरीकडे पाहिलं. एकीची सासू तिच्या शेजारीच उभी होती. एकीचा मुकादमाच्या शब्दावर विश्वास नव्हता. मागच्या वर्षी दुसऱ्या ठेकेदाराकडे तिने असाच हात वर केला होता. एकीची पाळी चार दिवस पुढे गेली होती आणि उन्हाळ्यात जाते असं म्हणून तिने ते मनातून काढून टाकलं होतं.

एकही हात वर झाला नाही.

"पाहा," मुकादम मोकळा झाला. "कोणीच नाही."

म्हातारा हसला. "मुकादमभाऊ, माह्या गोठ्यात मी बी म्हशीले कदी हात वर करा म्हनत नाई."

दोन-चार बाया पदराआड हसल्या. मुकादमाला ते कळायला क्षणभर वेळ लागला.

"मले बी मालूम नसते कोनती गाभन हाय," म्हातारा पुढे म्हणाला. "म्हशीले बी मालूम नसते. म्हनून मी इचारतच नाई. दहा वाजले का साऱ्याइले सावली. ज्या रिकाम्या हाय त्याइले बी. त्याच्यात माहं पानी वाया जाते, जाऊ दे. पन इचारत बसलो, तर जिले पाहिजे तिच्यापर्यंत पोचतच नाई."

"बाबाजी, तुमच्या म्हशी उभ्या राहिल्या तरी दूध देतात. माझं काम उभं राहिलं तर मालक मला उभा करेल. स्लॅबची तारीख ठरलेली आहे."

आता मिस्त्री, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, बोलला. इतका वेळ तो गप्प होता. "दुपारी टाकलेल्या स्लॅबले तडे जातात, हे तुमाले बी मालूम हाय. पानी टिकत नाई, माल हातात आवळते, मंग दुरुस्तीले दोन दिवस जातात. पहाटे साडेपाचले सुरू करू. अकराले बंद. साडेचारले पुन्हा, सातपर्यंत. तास तेवढेच भरतात. रोजी कापू नका."

मुकादमाने बोटांवर हिशेब केला. तासांचा हिशेब जमत होता. खर्च होता तो हिरव्या जाळीचा, दोन रांजणांचा आणि दार असलेल्या संडासाचा.

"संडास कशाला लागतो उन्हासाठी?" त्याने विचारलं.

बायांमधून पहिल्यांदाच एक आवाज आला. "रांजण ठेवसान आनि संडास नसंल, तर रांजणातलं पानी पुरुषच पितीन."

यावर मुकादमाकडे उत्तर नव्हतं. तसं पाहिलं तर बांधकामावर पिण्याचं पाणी आणि संडास हे काही उपकार नाहीत. बांधकाम मजुरांच्या तेव्हाच्या 1996 च्या कायद्यात दोन्ही लिहिलेले होते. पण कागदावरचा संडास आणि जागेवरचा संडास यांच्यात नागपुरातही बरंच अंतर असतं.

तीन दिवसांत जाळी लागली. संडास उभा राहायला आठवडा गेला. मालकाने कुरकुर केली. शेजारच्या कामावरचे ठेकेदार हसले. "तुझ्या साइटवर काय सगळ्याच बाया पोटुशा आहेत का?" त्यातच 30 मेला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. हवामान खात्याने यंत्र बिघडल्याचं सांगितलं. शहराचा 2013 सालचा 47.9 अंशांचा उच्चांक जागचा हलला नव्हता. म्हातारा म्हणाला, "यंत्र बिघडलं असन, माह्या म्हशी नाई बिघडल्या. त्याइनं सकाळी आठलेच सावली धरली."

पाऊस आला. आषाढ सरला, श्रावणही सरत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुकादम हजेरी घेत होता. त्याला दिसलं की नवतपात ज्या बाया त्याच्यासमोर उभ्या होत्या, त्यांतल्या तिघींची पोटं आता पदरात मावत नव्हती. त्याने मनात महिने मोजले. मग पुन्हा मोजले. हात वर करा म्हणून त्याने टाळी वाजवली, तेव्हा त्या तिघीही पोटाशी होत्या. जिची सासू शेजारी होती ती, ज्या बाईचा विश्वास नव्हता ती, आणि जिने पाळी पुढे गेली म्हणून सोडून दिलं होतं ती. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. खरं बोलायची कितीही इच्छा असती, तरी तिने हात वर केला नसता.

संध्याकाळी तो पारडीला गेला आणि म्हाताऱ्याला हे सांगितलं. "बाबाजी, तुमच्या सावलीनं तिघींची पोटं राखली."

म्हाताऱ्याने मान हलवली. "असं म्हनू नका. त्याइचे राहाचेच होते का सावलीनं राहिले, ते कोन सांगन? डाक्टरीणबाई बी सांगू शकली नाई. माही सून सावलीत असती तरी तिचं राहिलं असतं का, मले मालूम नाई. सावली द्याले ते मालूम असनं जरुरी नाई, एवढंच मले समजते."

मुकादम विचारात पडला. निघताना त्याने एकच प्रश्न केला, "ऑक्टोबरात पुन्हा ऊन तापेल. जाळी काढून ठेवू की राहू देऊ?"

"कोनी पोटाशी हाय का, इचारून घ्या," म्हातारा म्हणाला, आणि दोघंही मोठ्याने हसले. जाळी राहिली.

सुनेला मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि तेही बरंच झालं. सासूने आता तीन महिने लपवायचा नियम सोडला, असं नाही. जुन्या भीती एका उन्हाळ्यात जात नाहीत. पण तिने एक पळवाट काढली. सून लपवेल तर लपवू दे, घरातल्या सगळ्यांनीच दुपारी बाहेर पडायचं नाही, आणि नवऱ्यानेही सुनेइतकंच पाणी प्यायचं.

तात्पर्य : काही गरजा दिसत नाहीत, काही सांगता येत नाहीत, आणि काही तर जिच्या तिलाही ठाऊक नसतात. अशांसाठी करायची सोय सगळ्यांसाठीच करावी लागते, आणि त्यात थोडं पाणी वाया गेलं तर जाऊ द्यावं. नागपूर महापालिकेने 2016 पासून उष्माघात टाळण्याचा आराखडा राबवायला घेतला. त्याआधी अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर तसा आराखडा केला, आणि तिथल्या शारदाबेन रुग्णालयाने नवजात बाळांचा कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली आणला, तेव्हा उन्हाने आजारी पडणारी बाळं कमी झाली. त्या बाळांपैकी एकानेही अर्ज केला नव्हता. पुढच्या मे महिन्यात कुणी कामाच्या जागी टाळी वाजवून हात वर करायला सांगितलं, तर त्याला एवढंच सांगावं : पुरावा मागून दिलेली सावली संध्याकाळी पोचते.